दोन बोटं माया

८ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला दुकानात जागा नाही, म्हणून कापायच्या टेबलाला टेकून उभ्याउभ्याच करतो. गोड मानून घे. फोन तू उचलत नाहीस, आणि मीही जरा वाजला की ठेवून देतो, कारण तू उचललास तर काय बोलायचं याचीच मला धास्ती वाटते. पत्रात बरं असतं. मध्येच कोणी ओरडत नाही.

मामेभावाने तुझा निरोप दिला, आईला माझ्याकडे पाठव म्हणून. उत्तर नाही असंच आहे. तू विचारशील, हे तुझं उत्तर की आईचं? आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर तू तिला न्यायला आलीस तेव्हाही हेच विचारलं होतंस. मी "बघू" म्हणालो आणि तू भरल्या ताटावरून उठून गेलीस. आईने ते ताट दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवलं होतं. हे तुला माहीत नसेल.

आई मजेत आहे. वॉकर धरून या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारते, हिच्या स्वयंपाकाला काही म्हणत नाही, माझ्या शिलाईला मात्र रोज नावं ठेवते. मी शिवलेला सदरा हातात घेतला की आधी उलटा करून शिवण बघते. शिकवलं तिनेच, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, दुकान खाली, हाक मारली की मी हजर. तुझ्याकडे दिवसभर घराला कुलूप असतं.

आणखी एक. इमारतीतल्या दुकानदारांनी मला प्रमुख केलंय. हसू नकोस. खाली चार दुकानं आहेत: माझं, शेजारी गादीवाली मावशी, पलीकडे रंगवाला, कोपऱ्यावर बेकरी. वर सगळी बिऱ्हाडं. आधी बेकरीवाला प्रमुख होता, तो कोणाचं ऐकायचा नाही. मग रंगवाला झाला, त्याचं कोणी ऐकायचं नाही. मी सगळ्यांचं ऐकतो, या एका गुणावर निवडून आलो. भांडण सुरू झालं की पलंगाखाली शिरणारा तुझा टाचणी आता भांडणं सोडवतो.

तुझा (मानत असशील तर),
टाचणी

२१ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे वाचलं असशील.

माझा पराक्रम ऐक. इमारतीच्या पाठीमागे एक बोळ आहे, वर पत्रा घातलेला. मागचा जिना तिथेच उतरतो. लोक येतात-जातात पुढच्या जिन्याने, मागचा कोणी वापरत नाही, म्हणून चारी दुकानांचा त्या बोळावर डोळा. बेकरीवाल्याला तिथे गॅसच्या टाक्या ठेवायच्या होत्या. म्हणतो, "मास्तर, आत भट्टीशेजारी ठेवू का? मग उडालो की या बघायला." खरंच होतं त्याचं. गादीवाल्या मावशीला कापसाचे गठ्ठे ठेवायचे होते, कारण दुकानात ठेवले तर गादी पसरायला जमीन उरत नाही. तिचंही खरं. रंगवाल्याच्या बायकोला दमा, ती दिवसभर गल्ल्यावर बसते, थिनरचे डबे आत ठेवले की तिचा जीव घुसमटतो. त्याला कसं नाही म्हणणार? आणि वरच्या मजल्यावरचे कॅशियरकाका म्हणत होते, बोळ बिऱ्हाडकरूंचा आहे, दुकानदारांनी पाय ठेवायचा नाही.

ज्याचं ऐकावं तेच मला बरोबर वाटायचं. रोज दुकानासमोर कोणीतरी कोणाच्या तरी अंगावर धावून जायचं आणि मी मशीनमध्ये डोकं घालून बसायचो. शेवटी तिघेही म्हणाले, तात्पुरतं ठेवू दे. तात्पुरतं हा शब्द मला फार आवडतो बघ. त्यात कोणाला नाही म्हणावं लागत नाही.

मग मी टेप घेतली, निळा खडू घेतला, आणि बोळ कापडासारखा बेतला. या भिंतीला टाक्या, समोर गठ्ठे, पुढे डबे. सगळ्यांना सारखी रुंदी, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट ठेवली. माप माझंच घेतलं. कॅशियरकाकांना दाखवायला मी स्वतः त्या वाटेने चालून गेलो, तेही गप्प झाले. कोणी नाराज नाही, ताई. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळे कोणी नाराज नाही.

माझी कात्रणांची पोती तेवढी जिन्याच्या दाराला टेकून आहेत. ती आधीपासूनचीच, म्हणून त्यांना रेघ मारली नाही. दार तसंही कोण उघडतंय.

एकच आहे. दुपारी मशीन थांबवलं की वास येतो. कधी गॅसचा वाटतो, कधी थिनरचा, कधी नुसताच. मी नाक वर करून बसतो. मावशी विचारते, "मास्तर, सर्दी झाली का हो?" इस्त्री चालू ठेवून चहालाही जात नाही हल्ली, प्लग काढतो, चार पावलं जातो आणि काढलाय का ते बघायला परत येतो. आईने वरून विचारलं, कसला रे वास? म्हटलं, पाव भाजतायत.

टाचणी

९ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितोय. काल पुढच्या जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत जरा धूर झाला. वायर जळाली होती, बदलली. आई खाली यायला निघाली होती, मग वर गेली. सगळे सुखरूप आहेत. तुला कोणाकडून काही वेगळं कळलं तर मनावर घेऊ नकोस, लोक मीठमसाला लावून सांगतात.

आई झोपून आहे. दमलीये फक्त.

आज एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो.

टाचणी

१२ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात लिहिलं त्यात खोटं काही नाही. पण ते वाचून तुला जे वाटलं असेल, ते खोटं आहे. तीन दिवस हात शिवणीवर ठरत नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

दुपारची वेळ होती. मी काजं करत होतो. बाहेर कोणीतरी "आग, आग" ओरडलं. बघतो तर पुढच्या जिन्यातून काळा धूर, चुलीत ओलं लाकूड पेटवल्यासारखा, आणि तो वर चढत होता. वर आई आणि ही. मी जिन्यात शिरलो, पहिल्या वळणावर श्वास कोंडला, परत फिरलो. तेवढ्यात वरून हिचा आवाज आला, "मागच्या जिन्याने आणते आईंना!" मला इतकं हायसं वाटलं! इमारतीला वळसा घालून मी बोळात धावलो.

मी त्या वाटेने गेलो, ताई. मी जाऊ शकतो. माझंच माप आहे.

दारापाशी पोचलो. ते बोळाच्या बाजूला उघडतं. आतून ही ढकलत होती, बाहेरून मी ओढत होतो, आणि दार चार बोटं उघडून अडलं. माझ्या पोत्यांना अडलं. पोती सरकवावीत तर मागे टाकी, टाकी सरकवावी तर समोर गठ्ठा, गठ्ठा उचलावा तर उचलायला वाकायलाही जागा नाही. सगळं आपापल्या निळ्या रेघेत, अगदी नीट. एक पोतं ओढलं ते फाटलं, आणि कात्रणं माझ्या पायावर ओतली गेली.

फटीतून आईची बोटं दिसत होती. मागे ही रडत होती, तिच्या मागे कॅशियरकाका आणि काकू खोकत होते. धूर वरून फिरून त्यांच्यामागे उतरत होता. आणि मी कुठे उभा होतो? एका हाताला गॅस, एका हाताला कापूस, पाठीशी थिनर. एखादी ठिणगी पत्र्याखालून आली असती तर? मी दाराला धरून नुसता उभा होतो. तू मला त्या वेळी बघायला हवं होतंस. नाही, नको.

आईने वॉकर फटीत घालून पाहिला. त्याचा एक पायसुद्धा नीट बाहेर येईना. मग ती म्हणाली, अगदी शांतपणे, मी तिच्या पायाशी बसून पहिली चड्डी शिवली तेव्हाच्या आवाजात:

"टाचण्या, माया ठेवली नाहीस रे."

तू शिवणकामाच्या वाटेला कधी गेली नाहीस, म्हणून सांगतो. शिवणीच्या बाहेर जे कापड जादा सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. माणूस जाड होतो, पोर वाढतं, कापड आटतं, तेव्हा ती उसवून कपडा सैल करता येतो. दोन बोटं माया ठेव, असं आई मला रोज सांगायची. अंगाबरोबर बेतलेला कपडा दिसायला छान दिसतो, वाकलं की फाटतो.

पुढे कोणीतरी मेन स्विच बंद केला, रंगवाल्याने पेटीवर वाळू टाकली, धूर ओसरला. सगळे पुढच्याच जिन्याने उतरले. आईला बेकरीवाल्याने उचलून आणलं. दार उघडलं नाही. मला ते उघडता आलं नाही, एवढं नीट वाच.

तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. लिहून पाठवलंस तरी चालेल.

टाचणी

२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "आई कशी आहे" एवढंच, खाली सहीसुद्धा नाही. तीन शब्दांना इतकी धार कशी आणतेस कोण जाणे. आई बरी आहे. खोकला गेला. जिन्याकडे बघत नाही फक्त.

बोळ मोकळा करायचा म्हणून मी तिघांकडे गेलो. आधी घरी आरशासमोर बोलून पाहिलं. बेकरीवाला म्हणाला, "धूर मीटरचा होता मास्तर. माझ्या टाक्यांनी काय घोडं मारलं? आधी कापूस काढायला सांगा, पेट घेतो तो." मावशी म्हणाली, "कापूस आपणहून पेटत नाही बाबा. आधी तो थिनर हलव." रंगवाला म्हणाला, "आधी टाक्या. टाकीशेजारी माझे डबे तुम्हीच ठेवलेत, रेघ मारून." मी तिघांभोवती गोल फिरून होतो तिथेच परत आलो. प्रत्येकाचं परत खरंच होतं, हीच तर पंचाईत.

वरून कॅशियरकाका उतरले. ते म्हणाले, चार दिवसांत बोळ साफ झाला नाही तर पालिकेत अर्ज देतो, सगळ्याच दुकानांना सील लागू दे. ते गेल्यावर बेकरीवाला शटर ओढता ओढता मला म्हणाला, "अर्ज गेला तर कोणी दिला हे आम्हाला कळेल हं." माझ्याकडे बघून म्हणाला. मी काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेलो तर शटरवर खडूची आडवी रेघ. बरोबर माझ्या गळ्याच्या उंचीला. दोन्ही टोकांना फुल्या.

हिने बघायच्या आत ओल्या फडक्याने पुसून टाकली. दिवसभर मशीनवर पाठ भिंतीला लावून बसलो. दारात सावली पडली की सुई बोटात जायची. दुकानात येऊ नकोस असं हिला सांगितलं, कारण सांगितलं नाही. बेकरीसमोरून जावं लागू नये म्हणून भाजीला लांबून वळसा घालून गेलो. असे दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी रंगवाला दारात उभा. "मास्तर, तुमच्या शटरवर पाटी रंगवायला माप घेऊन ठेवलं होतं, पुसलं कोणी?" पाटीचं मी त्याला बोललो होतो आणि साफ विसरलो होतो.

घरी येऊन हे आईला सांगितलं. वाटलं हसेल. ती म्हणाली, "खडूला घाबरलास. गॅसच्या टाकीला नाही घाबरलास." मग कूस बदलून पडली.

टाचणी

१८ मार्च

ताई,

आता जे झालं ते सांगतो. शौर्याचं नाही, भीतीपोटीच केलंय सगळं, पण केलंय.

आधी माझी पोती काढली. कोणाला काही न बोलता. मावशी बघत होती, म्हणाली, "कात्रणं टाकताय? गादीच्या तळाला चालतात मला." म्हटलं, घे, आणि तुझे गठ्ठेही माझ्याकडे आण. कपडे घालून बघायची खोली मोडली, कापायचं टेबल सुताराकडून निम्मं करून घेतलं, आणि त्या जागेत कापूस भरला. आता माझ्या नाकातोंडात कापूस, गिऱ्हाईक पडद्याआड उभं राहून सदरा घालतं आणि शिंकतं. इस्त्री दुकानातून बाहेर काढली. कडक कपडे हवे असतील त्यांनी दुसरीकडे जावं. काही गेलेही.

कापूस हलल्यावर बेकरीवाल्याची सबब गेली. त्याच्या टाक्यांना उघड्यावर जागा हवी होती, आणि उघड्यावर म्हणजे पुढच्या कोपऱ्यात कॅशियरकाकांची स्कूटर. मी त्यांच्याकडे गेलो. "काका, अर्ज देऊ नका, जागा द्या." मग आतून काकू म्हणाल्या, "द्या हो. त्या जिन्यात उभी होते मी. आणि तुम्ही ती स्कूटर चालवता तरी कुठे?" आता तिथे जाळीचा पिंजरा आहे, बाहेरून कुलूप. रोज सकाळी पावाला येणारी माणसं आत डोकावतात, वाघ बघायला आल्यासारखी.

राहिला रंगवाला. त्याने डबे कमी केले, पण काही भिंतीशी ठेवलेच. "एवढे तात्पुरते राहू द्या, मास्तर. हिचा दमा तुम्हाला ठाऊक आहे." ठाऊक आहे. ती माउली माझ्याशी नेहमी नीट बोलते. मी म्हणालो, "नाही." माझ्याच तोंडून निघालं. त्याला कमी आणि मला जास्त धक्का बसला. डबे त्याने भाड्याच्या खोलीत नेले, त्याचा खर्च वाढला, आणि तो माझ्याशी बोलत नाही. पाटी अर्धीच रंगवून ठेवली आहे. लोक विचारतात, पुढे काय लिहायचंय? मी म्हणतो, बघू.

तर बोळ मोकळा आहे. पण माझी भीती गेली नाही, ताई, ती जागा बदलून बसली. आधी वासाची होती, आता माझीच आहे. रोज सकाळी मी आईचा वॉकर घेऊन खाली जातो, दार उघडतो आणि वॉकर धरून बोळाच्या टोकापर्यंत चालतो, म्हाताऱ्यासारखा. लोक हसतात. परवा पावाच्या रिकाम्या क्रेटांची चळत दारासमोर होती. कोणी ठेवली? "अहो, आत्ता उचलणारच होतो." उचलली. काल एक मोडकी खुर्ची. उद्या कोणीतरी गोड बोलत येईल, त्याची अडचण खरी असेल, आणि मी मान डोलावीन. मला मी माहीत आहे. मी सगळ्यांचं ऐकतो.

हे सगळं काल आईला बोलून दाखवलं. तिने हातातला सदरा उलटा केला, शिवण पाहिली, आणि म्हणाली, "ती मला न्यायला आली तेव्हा तू बघू म्हणालास. मी काहीच बोलले नाही. दोघांनी माझ्या वतीने भांडून घेतलंत. आता लिही तिला, मी सांगते तसं."

तर पुढचं आईचं आहे, शब्द तिचे, हात फक्त माझा:

"पोरी, ज्या घराचं मागचं दार उघडतं त्या घरी मी राहीन. तुझं उघडत असेल तर तुझ्याकडे. याला विचारू नकोस, हा सगळं बरंच आहे म्हणेल. तू ये आणि स्वतः बघ. पुढच्या जिन्याने येऊ नकोस."

तिने एवढंच सांगितलं. पुढचं माझं. कधी येणार ते मला कळवू नकोस. कळवलंस तर मी आदल्या दिवशी सगळं आवरून ठेवीन. न सांगता ये, कुठल्याही दिवशी, मी विसरलेला असताना. बोळाच्या टोकाला उभी राहा आणि वॉकर धरल्यासारखे हात पुढे करून चालत ये. वॉकर आणि दोन्हीकडे दोन-दोन बोटं माया, एवढी वाट तुझ्या अंगाला काही न लागता मिळाली पाहिजे. मग दार ओढून बघ. पूर्ण उघडलं तर वर ये, जेव, ताट तयार असेल. नाही उघडलं तर आईला घेऊन जा. मी एक शब्द बोलणार नाही, बघू तर मुळीच म्हणणार नाही. तिची पिशवी भरून दाराजवळ ठेवली आहे. ती तशीच राहील.

रोज बोळात पावलं वाजली की तूच आलीस असं वाटून माझे हात गार पडतात. पडू देत.

दाराची बिजागरी गंजलेली आहे, कुरकुरतं. जोर लावून ओढ. आज सकाळी उघडलं होतं.

टाचणी